पोकरचे निकाल : दैवाचा वाटा किती, बुद्धीचा किती?

2003 सालच्या मे महिन्यात लास वेगास येथे पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा झाली आणि तीत टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर या 27 वर्षांच्या हिशेबनिसाने 838 प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून 25 लाख डॉलरांचे पारितोषिक मिळविले. स्पर्धेचे प्रवेशशुल्क 10,000 डॉलर होते. ते त्याने पदरचे भरले नव्हते. इंटरनेटवरील एका पूर्वफेरीत शंभर डॉलरांहून कमी रक्कम लावून त्याने ती जागा जिंकली होती. या एका घटनेने ऑनलाइन पोकरचा प्रसार किती वेगाने झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु विचारी माणसाला तीत एक अधिक गहन प्रश्न दिसावा. एका पक्षाने म्हटले की सामान्य माणूस अभ्यासाच्या बळावर धुरंधरांना हरवू शकतो, याचे हे प्रमाण होय; दुसऱ्या पक्षाने म्हटले की ज्या खेळात सामान्य माणूस धुरंधरांना हरवितो, तो खेळच मुळी दैवाचा होय. दोघांनीही एकाच घटनेची साक्ष काढली, आणि ती एकच घटना असल्यामुळे तिच्यावरून दोहोंपैकी काहीच सिद्ध होत नव्हते.

जिंकणाऱ्याचे यश त्याच्या गुणाचे की त्याला मिळालेल्या पानांचे, हा वाद गेली वीस वर्षे न्यायालयांत, विद्यापीठांत आणि खुद्द खेळाडूंच्या मनांत चालू आहे. त्याचा आढावा घेताना प्रारंभीच एक भूमिका स्पष्ट केली पाहिजे. ‘पोकर हा कौशल्याचा खेळ आहे काय’ हा प्रश्न, किती डावांनंतर, कोणत्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये आणि खेळ चालविणाऱ्याची कपात वजा करून की न करता, हे सांगितल्यावाचून विचारणे निरर्थक आहे. दैव आणि बुद्धी यांचे प्रमाण खेळाच्या नियमांत लिहून ठेवलेले नसते. ते नमुन्याच्या लांबीप्रमाणे बदलते, आणि ज्याने लांबी सांगितली नाही त्याचे उत्तर कितीही ठाम असले तरी ते अपुरेच असते.

आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डम. प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने येतात, मध्यावर सर्वांना सामाईक अशी पाच पाने क्रमाने उघडली जातात, आणि दरम्यानच्या चार फेऱ्यांत बोली लावावी, वाढवावी किंवा पाने टाकून द्यावीत. 52 पानांतून दोन पानांच्या 1,326 जोड्या संभवतात, आणि दोन एक्के हाती येण्याची संभाव्यता 221 मध्ये एक एवढीच आहे. दोन एक्के आणि दोन राजे समोरासमोर आले आणि दोन्ही खेळाडूंनी आपला सर्व पैसा लावला, तर एक्केवाला शंभरातून सुमारे 81 वेळा जिंकतो. राहिलेल्या वेळी त्याने काहीही चूक केलेली नसताना तो सर्वस्व गमावतो. पाने कशी पिसली जातील यावर कोणाचाही ताबा नाही. परंतु कोणती पाने टाकायची, कोणती खेळायची, समोरच्याच्या बोलीवरून त्याच्या हातातील पाने कोणती असावीत याचा तर्क कसा करायचा, हूल केव्हा द्यायची आणि पैसा किती लावायचा, हे सर्वस्वी खेळाडूचे आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान यांनी 1928 च्या आपल्या निबंधात आणि पुढे ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह 1944 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जी क्रीडामीमांसा (गेम थिअरी) उभी केली, तीत पोकरला मानाचे स्थान आहे. हूल देणे हा स्वभावाचा विलास नसून शुद्ध गणिताने निष्पन्न होणारे कर्तव्य आहे, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे कौशल्य आहे की नाही, हा वादाचा विषयच नव्हे. ते निकालात केव्हा दिसू लागते, हा खरा विषय आहे.

येथे थोडे अंकगणित करणे अपरिहार्य आहे, आणि वाचकाने त्याचा कंटाळा करू नये अशी विनंती आहे, कारण संपूर्ण वादाचे मर्म त्यातच आहे. पोकरचा नफातोटा मोजण्याचे परिमाण म्हणजे दर शंभर डावांमागे मिळालेले किंवा गमावलेले ‘बिग ब्लाइंड’, अर्थात डाव सुरू होण्यापूर्वी सक्तीने लावावयाच्या दोन रकमांपैकी मोठी. सहा जणांच्या मेजावर दर शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड मिळविणारा खेळाडू उत्तम समजला जातो. परंतु त्याच शंभर डावांतील निकालांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा हेलकावा, साधारणतः 80 ते 100 बिग ब्लाइंडांच्या घरात असते. आपण 90 धरू. नमुना वाढतो तसा अपेक्षित नफा डावांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण दैवाचा हेलकावा त्या संख्येच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात वाढतो. वर्गमुळाचा हा संबंध गणितज्ञ द म्वाव्हर यांनी अठराव्या शतकात प्रस्थापित केला, आणि त्याला कोणताही खेळ अपवाद नाही. या हिशेबाने आपला उत्तम खेळाडू 10,000 डाव खेळला तर त्याचा अपेक्षित नफा 500 आणि हेलकावा 900 बिग ब्लाइंडांचा. तेव्हा एवढ्या डावांनंतरही तो तोट्यात असण्याची संभाव्यता सुमारे 29 टक्के उरते. एक लाख डावांनंतर ती सुमारे चार टक्क्यांवर येते. दहा लाख डावांनंतर मात्र अपेक्षित नफा हेलकाव्याच्या पाचपटीहून अधिक होतो, आणि तेव्हा दैवाचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही.

हाच हिशेब उलट बाजूनेही मांडून पाहिला पाहिजे, आणि तो अधिक अंतर्मुख करणारा आहे. ज्यांच्यापाशी नफा मिळविण्याइतका कोणताही विशेष गुण नाही, ज्यांची दीर्घकालीन सरासरी नेमकी शून्य आहे, असे दहा हजार खेळाडू कल्पावेत आणि प्रत्येकाने दहा हजार डाव खेळावेत. त्यांपैकी सुमारे 1,600 जणांच्या खतावणीत शंभर डावांमागे नऊ किंवा त्याहून अधिक बिग ब्लाइंडांचा नफा दिसेल, म्हणजे खऱ्याखुऱ्या उत्तम खेळाडूच्या जवळजवळ दुप्पट! या सोळाशे जणांना आपण निष्णात आहोत असे वाटेल, त्यांपैकी काही नोकरी सोडतील, काही इतरांना शिकवू लागतील. आणि त्यांच्यापैकी एकही लबाड नसेल. दैवाने दिलेला पुरावा माणूस प्रामाणिकपणे गुणाचा पुरावा म्हणून स्वीकारतो. जिंकलेला डाव स्वतःच्या बुद्धीच्या खाती जमा करावा आणि हरलेला पानांच्या नावे खर्ची टाकावा, ही मनुष्यस्वभावाची जुनी रीत आहे, आणि पोकरसारख्या खेळात तिला दररोज नवे खाद्य मिळते.

दैव आणि मोजणीची विद्या यांचा संबंध आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. रथातून जात असता ऋतुपर्ण एका बिभीतकाच्या, म्हणजे बेहड्याच्या, वृक्षाची पाने आणि फळे किती ते पाहताच सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही, तो रथ थांबवून फळे स्वतः मोजतो आणि राजाचे बोलणे खरे ठरते. तेव्हा राजा सांगतो की आपण अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, जाणतो आणि संख्यानातही, म्हणजे मोजणीतही, निपुण आहोत. ती विद्या नल अश्वविद्येच्या मोबदल्यात शिकून घेतो आणि पुढे, ज्याच्याकडून तो हरला होता त्या पुष्कराला द्यूतात हरवून राज्य परत मिळवितो. फासे जाणणे आणि संख्या जाणणे या दोन गोष्टी कथाकाराने एकाच माणसाच्या ठायी ठेवल्या, त्याची ही सूक्ष्मदृष्टी फार मोलाची वाटते. पाश्चात्त्य देशांत पास्काल आणि फर्मा यांचा संभाव्यतेविषयीचा पत्रव्यवहार 1654 चा आणि बर्नुलीचा बृहत्संख्यांचा नियम 1713 चा. तोवर युरोपात जुगाराला गणिताची शिस्त लागली नव्हती.

आता अलीकडील संशोधनाकडे वळू. इंटरनेटमुळे एक अपूर्व सोय झाली : प्रत्येक डावाची नोंद आपोआप होते. प्रत्यक्ष मेजावर तासाला पंचवीसतीस डाव होतात. पडद्यावर चार मेजे एकदम उघडून बसलेला खेळाडू तासाला तीनशेच्या आसपास डाव खेळतो. त्यामुळे पूर्वी ज्या नमुन्याला दहाएक वर्षे लागली असती, तो एका वर्षात जमतो. 2009 साली सिजिटल या संस्थेने 10 कोटी 30 लाख डावांची छाननी केली आणि त्यांपैकी सुमारे 76 टक्के डाव पाने उघडण्यापूर्वीच संपले, म्हणजे ‘शो’ झालाच नाही, असे दाखविले. कौशल्यवाद्यांनी या आकड्याचा मोठा गाजावाजा केला. माझ्या मते ते प्रमाण फारसे सबळ नाही : पाने न उघडता डाव संपला म्हणून पानांचा प्रभाव संपला असे होत नाही, कारण कोणी पाने टाकली याचे कारण बहुधा त्याला आलेली पाने हेच असते.

याहून पुष्कळ सरस पद्धत स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या शिकागोच्या अभ्यासकांनी अवलंबिली. 2010 च्या जागतिक मालिकेपूर्वीच्या माहितीवरून त्यांनी काही खेळाडूंना आधीच ‘कुशल’ ठरविले आणि मग मालिकेत काय झाले ते पाहिले : कुशल गटाला गुंतवणुकीवर 30 टक्क्यांहून अधिक नफा झाला, इतरांना सुमारे 15 टक्के तोटा. आधी निवड आणि मग परीक्षा, हा क्रमच या अभ्यासाचा प्राण आहे. जिंकणाऱ्यांना नंतर वेचून कुशल म्हणणे म्हणजे परीक्षेचा निकाल पाहून विद्यार्थ्याची हुशारी ठरविण्यासारखे झाले असते. याच क्रमाने 2015 साली नेदरलँड्समधील पॉटर व्हान लून, व्हान डेन असेम आणि व्हान डोल्डर यांनी ऑनलाइन खेळाच्या 45 कोटी 60 लाख नोंदी तपासल्या. पहिल्या सहामाहीत वरच्या दहा टक्क्यांत असलेले खेळाडू दुसऱ्या सहामाहीतही तसेच राहण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक होती. वरच्या एक टक्क्यासाठी ती बारापट होती. नुसत्या दैवाच्या खेळात असे सातत्य आढळले नसते. सुमारे 1,500 डावांनंतर कुशल खेळाडू अकुशलाहून चारांतून तीन वेळा सरस ठरतो, असाही त्यांचा निष्कर्ष आहे.

हा 1,500 चा आकडा आणि वरील लाख डावांचा आकडा परस्परविरुद्ध वाटतील, परंतु तसे नाही. कुशल आणि अकुशल यांच्यातील दरी मोठी असेल तर ती लवकर दिसते. दोन जवळजवळ तुल्यबळ खेळाडूंतील किंवा किंचित नफा आणि किंचित तोटा यांतील भेद लाखो डावांनीही स्पष्ट होत नाही. शिवाय चारांतून तीन वेळा सरस ठरणे म्हणजे चारांतून एकदा न ठरणेही असतेच. जर्मनीत गेरहार्ड मायर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच दृष्टीने वाचावा. त्यांनी 300 खेळाडूंना प्रत्येकी 60 डाव खेळविले आणि पाने चांगली, मध्यम किंवा वाईट येतील अशी आधीच योजना केली. निकाल मुख्यतः पानांनीच ठरविला, फक्त वाईट पाने आलेल्या जाणत्यांनी आपला तोटा कमी राखला. साठ डावांत याहून वेगळे काही निघण्याची अपेक्षाच करता येत नाही. परंतु कौशल्याचे पहिले दर्शन नफ्यात न होता तोटा आवरण्यात होते, ही त्या प्रयोगाची शिकवण मोलाची आहे.

नमुना वाढवीत नेला की सत्य उजळत जाते, असे येथवरच्या विवेचनावरून वाटेल. परंतु प्रत्यक्षात एक मोठी अडचण उभी राहते. दहा लाख डाव खेळण्याच्या काळात खेळाडू तोच राहत नाही आणि प्रतिस्पर्धीही तेच राहत नाहीत. 2003 नंतरच्या भरतीत नवखे लोक झुंडीने आले; 15 एप्रिल 2011 रोजी अमेरिकन सरकारने मोठ्या संकेतस्थळांवर खटले भरून त्यांची दारे अमेरिकन खेळाडूंना बंद केली तेव्हा त्या नवख्यांचा ओघ आटला; आणि गेल्या दशकात निर्दोष खेळाच्या जवळ जाणारे डावपेच काढून देणारे संगणकीय कार्यक्रम सर्वांच्या हाती आले. यामुळे कौशल्याची पातळी जसजशी वर आणि समान होत गेली, तसतसा निकालातील दैवाचा वाटा वाढत गेला. सगळेच उत्तम खेळू लागले की उत्तम खेळण्याने फरक पडत नाही. ज्या सरासरीचा शोध घ्यावयाचा तीच शोध पुरा होण्यापूर्वी बदलून जाते, ही या विषयातील सर्वांत कठीण गोष्ट आहे, आणि आपल्या जुन्या नफ्याच्या आलेखावर विसंबणाऱ्या खेळाडूने तिचा विचार क्वचितच केलेला असतो.

स्पर्धांच्या बाबतीत तर याहूनही सावध असले पाहिजे. 2006 च्या मुख्य स्पर्धेत 8,773 जण उतरले आणि पहिल्याला एक कोटी वीस लाख डॉलर मिळाले. बहुसंख्यांना काहीच नाही. ज्या रचनेत बहुतेक बक्षीस मोजक्या शिखरस्थांना जाते, तीत एका विजयावरून गुणाविषयी काही सांगणे अशक्य आहे.

दैवाचा गोंगाट कमी करण्याचे उपाय निघालेच नाहीत असे नाही. ब्रिज खेळणाऱ्यांनी असा एक उपाय फार पूर्वी काढला : तीच वाटणी निरनिराळ्या मेजांवर खेळवावी, म्हणजे पानांचा लाभ कोणा एकाला होत नाही. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक कार्यक्रमाने चार व्यावसायिक खेळाडूंशी 1,20,000 डाव खेळले, तेव्हा हीच युक्ती वापरली गेली. एका खोलीत यंत्राला आलेली पाने दुसऱ्या खोलीत माणसाला येत. यंत्र शंभर डावांमागे 14.7 बिग ब्लाइंडांनी जिंकले. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या ‘डीपस्टॅक’ने त्याहून सूक्ष्म पद्धत वापरली. तीत प्रत्येक पान उघडल्यावर परिस्थितीचे अपेक्षित मूल्य किती बदलले ते मोजून तेवढा दैवाचा अंश निकालातून वजा केला जातो. त्यामुळे प्रमाण विचलन 85 टक्क्यांनी घटले. म्हणजे तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे 44 पटींनी कमी डाव पुरले. खेळाडूमागे 3,000 डाव खेळूनच अकरा जणांपैकी दहांविरुद्धचा विजय संख्याशास्त्रदृष्ट्या निर्विवाद ठरला. सामान्य खेळाडू ज्या दुरुस्तीवर समाधान मानतो, म्हणजे सर्व पैसा लावल्यानंतर उघडलेल्या पानांचे दैव तेवढे वजा करणे, ती याच्या तुलनेत फार तोकडी आहे. आपल्याला दोन राजे आले असता समोरच्याला दोन एक्के यावेत, हे दुर्दैव त्या दुरुस्तीत मोजलेच जात नाही.

नफा आणि कौशल्य यांत आणखी एक भिंत आहे, ती म्हणजे चालकाची कपात. जुन्या अड्ड्यांवर तिला नाल म्हणत. पोकरमध्ये एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते, आणि नाल वजा जाताच सर्वांची एकत्रित बेरीज ऋण होते. सरासरीहून थोडा चांगला असलेला माणूस कौशल्य असूनही दीर्घकाळात हरतो. खेळ कौशल्याचा आहे असे म्हणून जेव्हा त्याची जाहिरात होते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की म्हणजे आपण जिंकू शकतो. वस्तुतः ज्या प्रमाणात कौशल्य निर्णायक, त्या प्रमाणात अकुशल माणसाचा पराभव अधिक निश्चित. ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली जात नाही, याचा मला खेद वाटतो, कारण ती न कळल्यामुळे अनेक घरांचा संसार मोडला आहे.

निकालांचे हेच शास्त्र एका वेगळ्या कामीही आले. 2007 साली ‘ॲब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळावरील एका खात्याचे यश इतके अतर्क्य होते की ते दैवाने संभवेना आणि बुद्धीनेही संभवेना. खेळाडूंनी डावांच्या नोंदी तपासल्या आणि त्या खात्याला इतरांची झाकलेली पाने दिसत होती, हे उघडकीस आले.

न्यायालयांनी काय केले? न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांच्यापुढे 2012 मध्ये अर्थशास्त्रज्ञ रँडल हीब यांनी 41 कोटी 50 लाख डावांचा पुरावा मांडला, आणि न्यायाधीशांनी पोकरमध्ये कौशल्याचे प्राबल्य आहे असा सविस्तर निकाल दिला. पुढच्याच वर्षी अपिलात तो फिरला, पण कौशल्याचा मुद्दा खोटा ठरल्यामुळे नव्हे. संबंधित संघीय कायद्यात तशी कसोटीच नाही, असे वरिष्ठ न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या 1957 च्या खटल्यात, बक्षीसस्पर्धांच्या संदर्भात, यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे काय ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली, आणि 1968 साली रमीला तिचा लाभ मिळाला. पोकरबाबत मात्र गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये प्रतिकूल, आणि मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अनुकूल मत दिले. किती डावांच्या अंती कौशल्य पाहायचे, हे या कसोटीत कोठेच सांगितलेले नाही. मतभेदाचे मूळ मला तेथे दिसते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा संमत केला, त्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट मना केले, आणि हा जुना भेदच बाजूला सारला. लोकांचे नुकसान पाहता त्यामागील हेतू मला समजतो.

परंतु कायद्याने प्रश्न बाजूला ठेवला म्हणून तो सुटत नाही, आणि तो सोडविण्याचे साधन आपल्या देशातच पडून आहे. भारतीय संकेतस्थळांवर अनेक वर्षे जे डाव झाले त्यांच्या नोंदी, झाकलेल्या पानांसह, चालकांच्याच दप्तरी असणार. नावगाव काढून टाकून त्या संख्याशास्त्राच्या अभ्यासकांच्या हवाली केल्या, तर भारतीय खेळाडूंपैकी किती जण नाल वजा जाता नफ्यात होते, त्यांचे यश पुढील सहामाहीत किती टिकले आणि तोट्यातील पैसा नेमका कोणाकडून कोणाकडे गेला, याची उत्तरे काही महिन्यांत मिळतील. त्या नोंदी नष्ट होण्यापूर्वी सरकारने त्या मागवून घ्याव्यात.